शांत घराला आधी पाणी

२८ ऑक्टोबर
दिवाळी अंक आला. माझी कथा छापलीय, चुका दोनच. कथेतलं शहर आपलंच: तिकडं पैठणला धरण भरलेलं, इकडं नळ कोरडे. नियम एकच, तक्रार न करणाऱ्या घराला पाणी आधी. शेवटी शहर इतकं गप्प होतं की नळ कायमचे बंद झाले तरी कुणी बोलत नाही.
हे म्हणाले, "जरा जास्तच झालंय." ह्यांना भाजीतलं मीठही नेहमी जास्तच वाटतं.

३ नोव्हें.
देशमुखभाऊ जिन्यात भेटले. आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी, टाकीचे व्हॉल्व्ह त्यांच्याच हातात. "मॅडम, कथा वाचली. लई भारी. डोकं लागतं असं सुचायला." मी फुगले, चहाला बोलावलं. कथेत तक्रार करणाऱ्याचं पाणी नेमकं कसं तोडतात, हेच पुन्हा पुन्हा विचारत होते. मला वाटलं, वाचक असावा तर असा!

९ नोव्हें.
ग्रुपवर दे.भाऊंचा मेसेज: "कटकट करणाऱ्यांचा व्हॉल्व्ह सर्वात शेवटी उघडला जाईल. शांत घराला आधी पाणी. कल्पना: आपल्या लेखिका मॅडम." खाली अंगठे, टाळ्या. मेलं कुणालाच हसू आलं नाही.
फोन केला. "अहो भाऊ, ती टीका होती."
"व्हय ना मॅडम. भांडकुदळ लोकांवर. बरोबरच हाय."
कप्पाळ माझं!

१० नोव्हें.
पाणी आलं. पहिला व्हॉल्व्ह आमचा. मानाचं पाणी म्हणे. भरलं मीही. ड्रम, पिंप, कुकरसुद्धा.
तळमजल्यावरची नंदा शेवटी. टाकी धुतली नाही म्हणून मागं भांडली होती ना. तिची पाळी येईतो टाकी रिकामी. सासू अंथरुणाला खिळलेली, रोज चादरी धुवायच्या.
दुपारी खाली गेले. दोन बादल्या ने म्हटलं. "नको ताई, कुणी बघंल." मग एकदम, "तुमच्या गोष्टीत माझ्यासारख्या बाईचं पुढं काय होतं हो?"
मी विषय बदलला. कथेत तशी बाई घर सोडून जाते. कुठं जाते तेही मी लिहिलेलं नाही. लई लाज वाटली.

१७ नोव्हें.
"तू मध्ये पडू नकोस," हे सकाळपासून. पडलेच. ग्रुपवर लिहिलं: हा नियम चुकीचा आहे. नंदाच्या घरी आजारी माणूस आहे, आधी तिला पाणी द्या.
सगळ्यांनी वाचलं. संध्याकाळी एकच उत्तर आलं, नंदाचं. "भाऊंचा निर्णय योग्यच आहे." वर हात जोडलेले.
असा संताप आला! मग त्या चादरी आठवल्या, आणि रडूच आलं. माझ्या कथेत हे नव्हतं. मला सुचलंच नव्हतं.

१८ नोव्हें.
पाणी आलं. खाली नंदाचा नळ धो धो. आमचा नुसता फुसफुसला. ह्यांनी रिकामी पिंपं एकेक करून उलटी घातली, त्याचंच जास्त लागलं.
दार उघडलं तर बाहेर स्टीलची बादली. काठोकाठ भरलेली, वर ताट झाकलेलं. बादलीवर नाव कोरलेलं, नंदाच्या सासूचं. वेडी बाई! दुसरी बादली नव्हती का घरात?
उचलायला वाकले, तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. दे.भाऊ. मी बादलीपुढं उभी राहिले, साडी पसरून.
"काय मॅडम, पुढचा भाग लिहिताय ना?"
"बघू," म्हटलं.
त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. नाव वाचलं की नाही, कळलं नाही. हसले. वर चालले होते, ते तसेच मागं वळून खाली गेले.
खालची बेल वाजली. नंदाच्याच दारची.