माझं एन्झाइम माझ्या कपाटात

३ तारीख, सोमवार

माझी पीएचडी सहा वर्षं चाललीय, म्हणून सरांच्या पोटात दुखतंय. म्हणाले, सतरा तारखेला समितीपुढे निकाल ठेवा, नाहीतर नोंदणी रद्द. ठेवतो की! काम सोपं आहे. बटाट्यातलं एन्झाइम रसायनाला तपकिरी करतं. माझ्या पानांच्या अर्काने तो वेग रोखायचा. दुसऱ्याचं काम बंद पाडण्यात मी तरबेज आहे.

अर्काशिवाय एन्झाइमचा वेग ८०. झकास.

५ तारीख

अर्क घातला. वेग ८६. रोखायचा सोडून वाढला! कुणीतरी खोडी काढतंय. कुणीतरी म्हणजे सरांची नवी विद्यार्थिनी. तिला मी चौकशी-खिडकी म्हणतो, कारण दिवसभर प्रश्न. आज विचारत होती, बर्फाच्या पेटीत तुमची बाटली जरा सरकवली तर चालेल का. अजिबात चालणार नाही!

६ तारीख, सायं. ५

एन्झाइमची बाटली बर्फातून काढून माझ्या कपाटात ठेवली. कुलूप. किल्ली गळ्यात. आता लाव म्हणावं हात.

९ तारीख

अर्क घातला. वेग ४! चार!! लगेच बायकोला फोन. ती म्हणाली, नक्की ना? सहा वर्षं घर तिच्या पगारावर चालतंय, म्हणून काय रोज संशय घ्यायचा?

११ तारीख

अर्क निम्मा केला, वेग ४. एकच थेंब, तरी ४. रसायन दहापट ओतलं, तरी ४. काही अर्क रसायन वाढवलं की हार मानतात. माझा मानत नाही. माझ्यावर गेलाय.

खिडकीने विचारलं, अर्क न घालता पाहिलंत का? म्हटलं, तीन तारखेलाच पाहिलंय, ८०! ती म्हणाली, ते तीन तारखेचं झालं. आगाऊ कुठली. उद्यापासून तिच्याशी बोलणं बंद.

१२ तारीख

बंद कडक पाळला. तिच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१६ तारीख

सर म्हणाले, एकदा ताज्या एन्झाइमवर करून बघा. जळतात! उद्या समितीसमोर प्रत्यक्षच करून दाखवतो. सगळ्यांची तोंडं बंद.

१७ तारीख, दुपारी ३

समितीतल्या बाईंनी अर्काऐवजी साधं पाणी घालायला सांगितलं. वेग ४. मी म्हणालो, पाण्यातच दोष असणार. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाईंनी बाटली हातात घेऊन विचारलं, ही बर्फात का नव्हती, बाहेर एन्झाइम मरतं ना? सांगितलं, सुरक्षिततेसाठी. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. लांबलचक नव्हतं.

१८ तारीख

सरांनी माझा अर्क खिडकीला दिला. तिने ताज्या एन्झाइमवर तीनदा करून पाहिलं. वेग वाढतो. म्हणजे सहा वर्षं मी शत्रूला खाऊपिऊ घालत होतो.

संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. विचारत होती, यावर लिहिलं तर तुमचं नाव पहिलं घालू का. मला तिचा इतका राग आला की रडूच फुटलं. तिने पाणी आणून ठेवलं. पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

नोंदणी रद्द. बायकोला सांगायचंय, पण तिचा फोन लागत नाहीये.

रात्री ८

लावलेलाच नाही.