माळ्यावरचा पारा

३ मे, सकाळी चहानंतर
आजपासून रोज लिहायचं. औषधवाल्याने फुकट दिलेली ही डायरी चार महिने पडून होती. सुनेने एका पानावर इस्त्रीचे कपडे लिहिले होते, ते फाडलं. दुसरं कोणी वाचणार नाही, तेव्हा शुद्धलेखनाची चिंता नाही. शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर माझं वर्गात पहिलं होतं. बाईंनी एकदा फळ्यावर लिहायला लावलं होतं. ते जाऊ दे.

मुद्दा माळ्याचा. लेकीची मुलगी, आमची झिपरी, जूनमध्ये इथल्या कॉलेजात येणार. तिला माळ्यावर छान खोली करून द्यायची. तिने फोनवर स्पष्ट सांगितलंय, वर पत्रा तापतो, भट्टी असते, अभ्यास होणार नाही. माळा गार झाला तर आजीकडे, नाहीतर हॉस्टेल. फॉर्मची शेवटची तारीख ३१ मे. म्हणजे हातात अठ्ठावीस दिवस. चिक्कार झाले.

मला काय, ती आली काय आणि न आली काय. पण वाढत्या वयाच्या पोरीने हॉस्टेलचं पाणचट का जेवावं?

मुलगा म्हणाला, आई, मी बघतो. तो फाटकाची कडी दोन वर्षं बघतोय. काम मी हातात घेतलं.

४ मे, दुपारी
संकल्प: कारागिराच्या शब्दावर जायचं नाही. मोजायचं.

थर्मामीटर काढला. काचेचा, पाऱ्याचा, मुलाच्या गोवराच्या वेळचा. हल्लीची बटणवाली यंत्रं बॅटरी संपली की तोंड फिरवतात. गुडघ्यांमुळे मला शिडी चढता येत नाही, म्हणून युक्ती केली. मुलाकडून वर आढ्याला कडी ठोकून घेतली, कडीतून दोरी, दोरीला जाळीची पिशवी, पिशवीत थर्मामीटर. खालून दोरी ओढली की वर, सोडली की खाली. शिकलेल्यांना सुचलं नसतं.

झटकायची भानगड नाही. झटकतात तो तोंडातून काढलेला, थुंकी लागते म्हणून. हा कुणाच्या तोंडात जाणार नाही.

दीडला वर, दोनला खाली. एकशे आठ! पुढे काचेवर आकडेच नाहीत. पोरगी खरं बोलत होती.

९ मे
कारागीर आला. बरा वाटला, चप्पल बाहेर काढली. पत्र्याखाली वाशांच्या मधे काचेचा कापूस भरायचा, खालून प्लायवूड ठोकायचं, दोन बाजूंना हवेला जाळ्या. उष्णता आत येणारच नाही म्हणतो. चार दिवसांचं काम. काचेचा कापूस असतो हे मला आज कळलं. त्याला कापूसवाला नाव ठेवलं.

हात लावू नका आजी, खाजतं, असं तो म्हणाला. घरात येणारी वस्तू हात लावून बघायलाच पाहिजे. संध्याकाळी कोपरापर्यंत खाज. पण माल अस्सल आहे.

१४ मे, दुपारी अडीच
काम पूर्ण. मोठ्या हौसेने पिशवी खाली घेतली. एकशे आठ.

कापूसवाल्याला थांबवलं. तो म्हणाला, वर येऊन बघा, गार आहे. मी म्हटलं, अंगाला काय वाटेल ते वाटतं, पारा खोटं बोलत नाही. मग त्याने खिशातून स्वतःचं यंत्र काढलं, वर नेलं, आणि मला एकतीस दाखवलं.

एकतीस. मी तीन मुलं वाढवली, एकतीस ताप कुणाला बघितला नाही. थंडगार पडलेल्या माणसालासुद्धा त्याहून जास्त असेल. त्याला म्हटलं, तुझं यंत्र दुकानात परत दे. तो भिंतीकडे बघत राहिला. चोरी पकडली की माणूस असाच बघतो.

कापसाचा दुसरा थर घालायला सांगितला.

झिपरीचा फोन. आजी, वर किती? एकशे सहा सांगितलं. दोन मायेने कमी केले.

१८ मे, रविवार
दुसरा थर झाला. एकशे आठ.

मुलगा वर बघायला गेला तो तीन तास खाली नाही. झोपला होता. उतरून म्हणाला, मस्त आहे गं, पंखाही लावला नाही. हा लहानपणी करपलेल्या दुधालाही मस्त म्हणायचा. शिवाय उकाड्यानेही गुंगी येते, ते त्याला कोण सांगणार?

खाज अजून आहे.

२४ मे
तिसरा थर. प्लायवूड आणखी चार बोटं खाली आलं. स्वतः ठोकलेल्या छताला कापूसवाल्याचं डोकं दोनदा आपटलं. सून म्हणाली, आई, झिपरी उंच आहे. असू दे. अभ्यास बसूनच करतात.

एकशे आठ.

कापूसवाला म्हणाला, आजी, आता चौथा थर घातला तर खोलीत फक्त कापूसच राहील. उद्धट आहे. चप्पल काढण्यावर जाऊ नये.

२८ मे, सकाळी सहा
विचार केला, उन्हाच्या आधी मोजू. एकशे आठ! सूर्य अजून शेजारच्या टाकीमागे आहे. म्हणजे दोष पत्र्याचा नाही, माळ्याच्याच अंगात काहीतरी आहे.

दहा वाजता. खात्रीसाठी थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवला, दुधाच्या पातेल्याशेजारी. अर्ध्या तासाने एकशे आठ. फ्रीजही बिघडलाय. एका महिन्यात दोन दोन गोष्टी. मुलाला सांगितलं. बघतो म्हणाला.

३० मे, दुपारी
आज ठरवलं होतं खोटं बोलायचं. नव्वद सांगायचं. आकडा सकाळपासून तोंडात घोळवत होते. एकदा ती आली की पुढचं पुढे, ओल्या चादरी लावू, मी खाली बसून पंख्याची दोरी ओढीन.

फोन आला. झिपरी म्हणाली, "आजी, उद्या शेवटची तारीख. मला तुझ्याकडेच राहायचंय. खरं सांग, येऊ की नको?"

मी म्हटलं, "नको गं बाळा. एकशे आठ आहे. आजारी पडशील."

ती म्हणाली बरं, फॉर्म भरते.

योग्य तेच केलं. खरं बोललं की कसं हलकं वाटतं. दुपारी जेवण गेलं नाही ते उकाड्यामुळे.

१५ जून, रविवार
झिपरी आली. दोन बॅगा, एक उशी. इथून संध्याकाळी हॉस्टेल. मी म्हटलं, आजीने काय काय केलं ते तरी बघून जा. चढली. आधी डोकं आपटल्याचा आवाज आला. मग वरून हाक: "आजी, इथे तर खालच्यापेक्षा गार आहे गं."

पिशवी तिनेच सोडवून खाली आणली. थर्मामीटर बघितला, माझ्याकडे बघितलं. मनगटाला तीन झटके दिले, पिशवीत ठेवला, दोरी ओढली. आम्ही सगळे शिडीखाली उभे. मुलगा, सून, मी. दहा मिनिटांनी खाली घेतला. पारा पहिल्या आकड्यापर्यंतसुद्धा चढला नव्हता.

ती म्हणाली, "आजी, तू एकदाही झटकला नाहीस?"

मी म्हटलं, जुना पारा आहे, म्हातारा झाला की आळशी होतो. सुनेला अचानक दूध उतू जाताना दिसलं. गॅस बंद होता. मुलाने फाटकाची कडी बघायला घेतली.

हॉस्टेलची खोली वर्षभरासाठी. बदलत नाहीत, तिने विचारून घेतलंय. जाताना मला घट्ट धरलं आणि म्हणाली दर रविवारी येईन. मी म्हटलं, जमलं तर ये, माझं काही अडत नाही.

कापूसवाल्याला मुलामार्फत निरोप दिला की काम ठीक आहे.

२२ जून, रविवार, दुपारी
झिपरीचा सकाळी मेसेज. प्रोजेक्ट आहे, येता येत नाही. वरची गादी घातली होती ती राहू दिली.

बारापासून अंग गरम वाटतंय. डोळेही चुरचुरतात. थर्मामीटर काढला, नीट तीनदा झटकला, जिभेखाली ठेवला. पाच मिनिटं. मग आणखी पाच.

अठ्ठ्याण्णव.

फोन करण्यासारखं काही नाही.