बोलणाऱ्याने श्वास घेईपर्यंत

४ जून. सकाळ.
पेटंट ऑफिसचं पत्र. अर्ज नामंजूर. कारण काय, तर ‘या क्षेत्रातल्या कुणालाही सहज सुचेल.’ सहा वर्षं घासली, ती सहज. माझं यंत्र बोललेलं लिहून काढतं, पण बोलणाऱ्याने श्वास घेईपर्यंत थांबतं आणि मग अख्खं वाक्य उतरवतं. तपासनीस म्हणतो, दोन जुने लेख एकत्र केले की झालं. लेख सोबत जोडलेत. वाचले नाहीत. उगाच डोकं कशाला फिरवून घ्या.
निश्चय: तीस तारखेच्या आत उत्तर. चिडायचं नाही.

५ जून.
चिडलो. वकीलबाईंचा फोन. दुसऱ्या लेखाचा लेखक, इतकंच म्हणाल्या. मी म्हटलं, गाढव आहे, पुढचं बोला.

९ जून.
‘सहज’ सुचत नाही याचा पुरावा हवा. घरातच चाचणी घेतली. माणूस बोलतोय, ते लिहून घ्यायचंय, काय कराल? सासूबाई म्हणाल्या, आधी त्याचं बोलून होऊ देईन. सासूबाई मुळातच हुशार, म्हणून बाद. प्लंबरही तेच म्हणाला. तो या क्षेत्रातला नाही. बाद. बायको म्हणाली, हे सगळ्यांनाच सुचतं, फक्त तुम्ही... तिला तिथेच थांबवलं. चाचणीत शेरे चालत नाहीत.

१७ जून.
साहेबांचा निरोप: पेटंट मिळालं तर विभागप्रमुख, नाहीतर प्रकल्प बंद आणि मी परत तक्रार खिडकीवर. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचं. जीव जाईल माझा. प्रमाणपत्रासाठी भिंतीत खिळा ठोकला. उत्तर उद्यापासून.

२८ जून.
उत्तर तयार. नऊ पानं. त्यातली सात दुसऱ्या लेखाच्या लेखकावर: उथळ, अर्धवट, प्रसिद्धीला हपापलेला. वकीलबाई फोनवर म्हणाल्या, पाठवण्याआधी निदान त्याचं नाव... म्हटलं, पाठवलंसुद्धा.

३० जून. दुपार.
वकीलबाई घरी. बायकोने त्यांना पाणी दिलं आणि मला बजावलं, आता एक अक्षर बोलू नका. थांबलो. बाईंनी श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं.
दुसरा लेख नऊ वर्षांपूर्वीचा, आमच्याच कंपनीच्या मासिकातला. लेखक मी. शेवटची ओळ: ‘यात माझं मोठेपण काही नाही, हे कुणालाही सहज सुचेल.’ विनय म्हणून लिहिली होती. तपासनिसाने तीच उचलली. सोबत माझा फोटो. चांगला आलाय.

१९ जुलै.
तक्रार खिडकी. घरच्या खिळ्यावर बायकोने छत्री टांगली आहे. आज चार माणसं आली. तिघांना मधेच तोडलं. चौथ्याचं शेवटपर्यंत ऐकलं. तक्रार माझ्याबद्दलच होती.
शब्दन् शब्द लिहून घेतली.