पिवळ्या गाडीचा पुढचा नंबर

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. कलश मांडला, कहाणी वाचून झाली, आणि बारा वाजता अमोघ गाडी घेऊन दारात. पिवळीधमक, इटलीची. उंची स्वयंपाकाच्या ओट्यापेक्षा कमी. आवाज असा, की शेजारच्यांचं झोपलेलं बाळ उठलं. लक्ष्मी गुरुवारी येते हे माहीत होतं, अशी येईल वाटलं नव्हतं.
अमोघ लखनऊतच वाढला, माझ्याशीही हिंदीतच बोलतो. म्हणाला, आई, वर्कशॉप में फर्श का काम चल रहा है, दो हफ्ते यहीं खड़ी रहेगी. किसी से कहिएगा मत. आमचं गॅरेज मारुती विकल्यापासून रिकामंच, सरपण आणि लोणच्याच्या बरण्या तेवढ्या हलवल्या.
मी काय ते ओळखलं. इम्पोर्टेड गाड्यांच्या कंपनीत मॅनेजर आहे, कधी ना कधी घेणारच होता. मिरवायला आवडत नाही त्याला. माझ्यावर गेला आहे. (हात काळे करून घरी येतो. हाताखालच्यांना शिकवायचं तर स्वतः करून दाखवावं लागतं.)
संकल्प : कुणालाही सांगायचं नाही.
रात्री ८ : फक्त गीतावहिनींना सांगितलं. त्या कुणाला सांगणाऱ्यातल्या नाहीत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
सकाळी ओळखीच्या दोन बायकांचे फोन, पेढे कधी म्हणून. गीतावहिनींशी पुन्हा बोलणार नाही.
गाडीची पूजा केली. चाकांखाली लिंबं. नंबर प्लेटला कुंकू लावावं म्हणून पुढे गेले, तर पुढे प्लेटच नाही. मागे आहे. पुढे नुसतं खाली वाकलेलं गुळगुळीत नाक. ह्यांना बोलावून दाखवलं. हे म्हणाले, तू त्या गाडीला हात लावू नकोस. छत्तीस वर्षं रेल्वेच्या संशोधनात काढली यांनी, पण घरातल्या गोष्टीत उत्साह असा नाहीच.

३० नोव्हेंबर, रविवार
अंतराचे आईवडील येऊन गेले. हेमचंद्रराव फौजेतून रिटायर, छावणीजवळच राहतात. मृणालताई साध्या. मुलगी शाळेत शिकवते, अमोघला पसंत आहे. यंदा जमलंच पाहिजे. तेहतीस पूर्ण झाली त्याला, आणि आधीची दोन स्थळं हातची गेली.
कांदेपोहे झाल्यावर मी सहज गॅरेज उघडलं. मृणालताईंनी विचारलं, गाडी अमोघची का? मी म्हटलं, घरचीच समजा. हेमचंद्रराव सगळीकडून फिरले, पुढे येऊन थांबले. म्हणाले, पुढे नंबर नाही. कुणाची गाडी, कळायचं कसं? आणि अमोघकडे बघत राहिले. अमोघ हातातल्या कपात बघत होता. किती तो विनय.
जाताना मृणालताई म्हणाल्या, अकरा तारखेच्या गुरुवारी हळदीकुंकवाला येते, तेव्हा बोलू.
फौजी माणसं. त्यांना नियम लागतो. नंबर प्लेटवर अडलं आहे सगळं.

२ डिसेंबर, मंगळवार
अमोघला सांगितलं, पुढची प्लेट लाव. म्हणाला, आई, पूरा बम्पर एक ही पीस है, उसमें छेद नहीं करते. मी म्हटलं, रिक्षावाले लावतात ती प्लेट तुला जमत नाही? देखते हैं, म्हणाला. त्याचं नेहमीचं. मग दारातच घुटमळला. आई, आपसे एक बात करनी थी. माझी व्यंकटेश स्तोत्राची वेळ, म्हटलं नंतर. नंतर तो झोपला होता.

३ डिसेंबर, बुधवार
किल्ली ह्यांच्या कोटात सापडली. गाडीची डिक्की पुढे आहे आणि इंजिन मागे. ज्याने केली त्याला घरात कुणी बोललं नसावं.
डिक्कीत सरकारी नंबर प्लेट, पाकिटात, नवी कोरी. म्हणजे नुसता आळस. सोबत कागद, मालक म्हणून अनुप खन्ना. म्हणजे गाडी सेकंडहँड घेतलेली आहे आणि नाव अजून बदललेलं नाही. अभिमान वाटला. मीही मिक्सर असाच घेतला होता.

४ डिसेंबर, गुरुवार
दुसरा गुरुवार. आलमबागच्या बाजारातून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. प्लेट लावली. पडली. पुसून परत लावली. आरती होईपर्यंत राहिली, मग पडली. दुपारी परकराची नाडी ओवून पाहिली, पण बांधायला त्या गाडीला काही टोकच नाही. डिझाइनमध्ये खोट आहे.

६ डिसेंबर, शनिवार
आलमबागच्या नंबर प्लेटवाल्याला रिक्षात घालून घरी आणलं. गॅरेजच्या दारातूनच पाहिलं आणि पाऊलसुद्धा आत टाकलं नाही. माताजी, इसमें हम ड्रिल नहीं मारेंगे, चाहे जितना दीजिए. मी काहीच देऊ केलं नव्हतं. भाव वाढवायच्या युक्त्या. परतीचं रिक्षाभाडं मात्र मागून घेतलं.
हे विचारत होते, कोण आला होता. म्हटलं, नळवाला.

१० डिसेंबर, बुधवार, सकाळी ११.४०
झालं एकदाचं. हे बँकेत हयातीच्या दाखल्याला गेले तेवढ्यात रामसनेही सुताराला बोलावलं. आपला देव्हारा त्यानंच भिंतीला ठोकला, बारा वर्षं हललेला नाही. त्यानं विचारलं, भैयाजी को पता है? मी म्हटलं, अमोघनंच सांगितलं आहे. शुभ कामासाठी बोललेलं देव धरत नाही. राहुकाळ बाराला लागतो, त्याआधी चार भोकं पाडली. तिसऱ्या भोकाला पापड मोडल्यासारखा आवाज आला आणि एक बारीक भेग थेट दिव्यापर्यंत गेली. रामसनेही म्हणाला, ये तो फट गया. मी म्हटलं, कुंकवाचं स्वस्तिक काढलं की दिसणार नाही.
प्लेट किंचित तिरकी आहे. पण हलवून पाहिली, हलत नाही. उद्या मृणालताई बघतीलच.

११ डिसेंबर, गुरुवार
दुपारी अमोघ लवकर आला, गाडी न्यायला. गॅरेजमधून बराच वेळ आवाज नाही. जाऊन पाहिलं तर फरशीवर बसलेला, बोट त्या भेगेवर. म्हणाला, आई, ये किसने किया. मी सांगितलं. म्हणाला, ये अनुप सर की गाड़ी है. मी म्हटलं, आता तुझी ना. म्हणाला, हमने कब कहा हमारी है? हम वहाँ पॉलिश करते हैं, आई. मेकैनिक हैं. सात साल से.
मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, मला माहीत होतं. विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? म्हणाले, त्यानं तुला तीनदा सांगितलं. तू दर वेळी मॅनेजर ऐकलंस.
असं काही मला आठवत नाही.
मृणालताई आल्या नाहीत. बाकीच्या बायकांना सांगितलं, अमोघचं डोकं दुखतंय.

१३ डिसेंबर, शनिवार
अमोघला कामावरून काढलं. अनुप खन्ना म्हणे ओरडलासुद्धा नाही, नुसता वर्कशॉपच्या मालकाला म्हणाला, हा मुलगा माझ्या गाडीजवळ नको. या गाड्यांची वर्कशॉप लखनऊत दोनच, आणि दुसरीकडे बातमी आधीच पोचली आहे. नवा बम्पर इटलीहून येणार. एका प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी एवढं. अमोघ जेवत नाही. दृष्ट काढली. काढू दिली, पण डोळे मिटून बसला होता.
संकल्प : मृणालताईंना स्वतः फोन करून सगळं सरळ करायचं.

१६ डिसेंबर, मंगळवार
केला. मीच आधी म्हटलं, प्लेट बसवून घेतली होती बरं का.
मृणालताई म्हणाल्या, तो मेकॅनिक आहे हे आम्हाला दोन वर्षं माहीत आहे. ह्यांची जुनी जीप त्यानंच चालती केली, अंतराची ओळख तिथलीच. ह्यांना त्याच्या हातातलं काम फार आवडलं होतं, म्हणून तर आलो. तुम्ही गॅरेज उघडलंत, मी विचारलं, ह्यांनी विचारलं. तो आईसमोर तोंड उघडू शकला नाही. उद्या माझ्या मुलीच्या बाजूनं काय उघडणार?
मी म्हटलं, त्याला लहानपणापासून उलट बोलायची सवय नाही. म्हणाल्या, तेच.
फोन ठेवल्यावर लक्षात आलं, अंतराला काय वाटतं ते विचारायचं राहिलं. अमोघ दारात उभा होता. फोन नेहमीसारखा स्पीकरवरच होता, त्यानं सगळं ऐकलं असावं.

१८ डिसेंबर, गुरुवार
शेवटचा गुरुवार. उद्यापन. पुरण बरं जमलं.
अमोघ पहाटेच गेला, पाठीवर एक बॅग. ह्यांच्या पाया पडला. माझी पूजा चालू होती. दारातून म्हणाला, आई, हम जा रहे हैं. मी हातानं थांब म्हटलं, नैवेद्य व्हायचा होता. उठले तेव्हा रस्त्यावर कुणी नव्हतं.
संध्याकाळी पाच सवाष्णी आल्या. गीतावहिनी विचारत होत्या, अमोघ दिसत नाही? मी सांगितलं, नोएडाला गेला, प्रमोशनवर. हे समोर बसले होते, उठून आत गेले.
बायका गेल्यावर ह्यांना म्हटलं, त्याचा पत्ता द्या, पुरणपोळ्या पाठवते.
म्हणाले, त्याला विचारून देतो.