चार कोंबड्या, निकाल पंचाहत्तर टक्के

सोमवार, ३ फेब्रुवारी. संध्याकाळी ७

बारामतीहून परत आलो. परसातल्या कुक्कुटपालनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण पूर्ण. प्रमाणपत्रावर माझं नाव बरोबर लिहिलंय, ही आपल्याकडे साधी गोष्ट नाही. उद्या लॅमिनेशन.

येताना मानमोडीची लस आणली. एवढीशी बाटली, पण शंभर कोंबड्यांना पुरते. आपल्याकडे चार आहेत. असो, माणसानं मोठा विचार करावा. मानमोडी म्हणजे राणीखेत. उन्हाळ्याच्या तोंडाला येते, कोंबडीची मान वाकडी होते आणि दोन-तीन दिवसांत सगळं आटोपतं. त्यावर औषध नाही, आधी लस देणं एवढंच हातात. हे सगळं आईला समजावून सांगितलं. पन्नास वर्षं कोंबड्या पाळतेय, पण राणीखेत हा शब्द तिनं आज पहिल्यांदा ऐकला. म्हणाली, "आमी मानमोडीच म्हंतो." काय बोलणार.

बाटली फ्रिजमध्ये ठेवा असं तिथले सर म्हणाले होते. दिलीही बर्फात घालून. घरी येऊन फ्रिज उघडला तर आत आईचं दही, कणकेचा गोळा, कालची भेंडी. यात लस ठेवायची? लोणी देवकरच्या कंपनीत तेवीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी. वेगवेगळे आयटम एका रॅकवर ठेवायचे नाहीत, हा पहिला नियम. बाटली हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवली, सेफ्टी वीकच्या ट्रॉफीमागं. कोरडी जागा, ऊन नाही, वर काच. साठवण मला कुणी शिकवू नये.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बायकोनं, म्हणजे ज्योत्स्नानं, सकाळी विचारलं, लस कुठं ठेवली. ही इंदापूरला दवाखान्यात सिस्टर आहे, त्यामुळं लस म्हटलं की तिला आपलीच मालकी वाटते. योग्य जागी आहे, म्हणालो. ती बर्फाच्या डब्याबद्दल काहीतरी सांगायला लागली. माणसाची लस वेगळी आणि कोंबडीची वेगळी, असं मी शांतपणे सांगितलं. ती जेवणाचा डबा घेऊन ड्युटीवर गेली. मुद्दे संपले की लोक ड्युटीवर जातात.

संकल्प: रोज पाचला उठून खुराड्याची तपासणी. उद्यापासून.

शनिवार, ८ फेब्रुवारी

छकुली खुडूक बसली. आईनं घमेल्यात उसाचं पाचट घालून तिला अकरा अंड्यांवर बसवलं. एकवीस दिवस, म्हणजे एक मार्चला पिल्लं.

छकुली ही चौघींतली सगळ्यात आगाऊ. आईच्या हातातनं खाते, माझ्या हाताला चोच मारते. आज तीनदा मारली. अकरा अंडी नीट झाकलीत का, एवढंच बघत होतो मी. कृतज्ञता हा गुण गावरान जातीत नाही.

तपासणी अजून सुरू झालेली नाही. रजिस्टर आखायचं राहिलंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

गावात दवंडीसारखा व्हॉट्सअॅप फिरतोय. उद्या सकाळी साडेसहाला पशुधन पर्यवेक्षक संभाजी येणार, कोंबड्यांना मोफत लस. शेजारच्या कुशाबाई आपली पाटी घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "रवींद्रराव, तुमच्या बी कोंबड्या घालू का ह्याच पाटीत? झाकायला डालगं हाय." मी सांगितलं की आमच्याकडं इन-हाउस सोय आहे. प्रशिक्षित माणूस घरात असताना कोंबड्या गर्दीत नेऊन रांगेत बसवायच्या, म्हणजे घरात आड असून शेजारी घागर घेऊन जाण्यातला प्रकार. कुशाबाईंना हे पटलं नाही, पण त्यांना काहीच पटत नाही.

आई काही बोलली नाही. मौनम् संमति.

सोमवार, १० फेब्रुवारी. सकाळी ८.४५

सव्वाआठला उठलो. प्रवासाचा शीण अजून आहे.

तीन कोंबड्या खुराड्यातच पंख फुगवून बसलेल्या. आईला विचारलं तर म्हणाली, दमल्यात. सकाळी सव्वाआठला कोंबडी कशानं दमते, हे प्रशिक्षणात नव्हतं. आईच्या मनगटावर ताजा ओरखडा. तो कशाचा, म्हटलं, तर म्हणाली काटं लागलं. वय झालंय, दिसत नाही नीट.

छकुली घमेल्यात. तिचं लक्ष फक्त अंड्यांवर.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज लसीकरण झालं. फ्लेक्स यायला उशीर झाला म्हणून इतके दिवस गेले, पण काम व्हावं तर रीतसर. फ्लेक्सवर माझा फोटो चांगला आलाय. कोंबडीचा फोटो नेटवरनं घेतला, ती परदेशी निघाली. उद्घाटनाला माजी सरपंच दत्तोबा. त्यांना साडेआठची वेळ दिली होती, ते अकराला आले. चहा घेतला, पोहे घेतले, नारळ फोडला आणि आमच्या बावडा गावाच्या विकासावर बोलून गेले.

लस पहाटे कोंबड्या खुराड्यात असताना द्यावी असं पुस्तकात आहे. अकरा वाजता एक कडुलिंबावर, एक कुशाबाईंच्या पत्र्यावर आणि एक न्हाणीत होती. तरी मी तिघींनाही गाठलं. डोळ्यात एक थेंब, एवढंच काम. एकीला बरोबर डोळ्यात, एकीला तुऱ्यावर. तिसरीचा थेंब माझ्या चष्म्यावर पडला, पण मग दुसरा दिला, बहुतेक लागला.

छकुलीचं मात्र कौतुक केलं पाहिजे. जवळ गेलो, डोक्याला धरलं, डोळ्यात थेंब टाकला, बाई जागची हलली नाही. चोचही मारली नाही. चौघींत एकटीला विज्ञान कळलं. माझ्यावर इतका विश्वास या घरात आजवर कुणी टाकला नव्हता. मागं घरात मशरूम लावले होते, तेव्हाही नाही.

रजिस्टरमध्ये नोंद: डोस ४, यशस्वी ४.

गुरुवार, २० फेब्रुवारी

खालच्या आळीत मानमोडी आली. दोन दिवसांत नऊ कोंबड्या. ज्यांनी कुठंच लस दिली नाही, त्यांचं काय बोलायचं. अज्ञान.

कोपऱ्यावरच्या सोपानच्या किराणा दुकानात याच विषयावर चर्चा. मी सांगितलं, आमची एकही कोंबडी जाणार नाही, लिहून देतो. सोपान म्हणाला, "द्या की मग." दिलं. त्याच्याच बिलबुकाच्या पाठीमागं, सहीनिशी, तारीख घालून. त्यानं ते काउंटरच्या काचेवर चिकटवलं. गावात अशा ठाम माणसांची गरज आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी. सकाळ

छकुलीनं दाणे खाल्ले नाहीत. विष्ठा हिरवी. आई घमेल्याजवळ बसून आहे. मी पाहणी केली. ऊन वाढलंय, त्यात सतरा दिवस बैठं काम. माझं निदान: उष्माघात. ओआरएस पाजलं, निम्मं माझ्या बाहीवर सांडलं.

संध्याकाळी ५

मान किंचित डावीकडं कललेली. अंड्यांकडं बघत असावी.

बुधवार, २६ फेब्रुवारी

मान पूर्ण मागं वळली. तरी अंड्यांवरनं उठत नाही. तोल गेला की परत सरकून अंडी पोटाखाली घेते.

कुशाबाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "मानमोडी हाय. मान टाकायच्या आत सोडवा तिला, कालवण तरी हुईल." आईनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. मी कुशाबाईंना सांगितलं की लस दिलेल्या कोंबडीला मानमोडी होऊच शकत नाही. हा बैठकीचा दोष आहे. कंपनीत कॉम्प्युटरवर बसणाऱ्यांना हेच व्हायचं. आइस्क्रीमची काडी आणि बँडेज लावून मानेला आधार दिला. तासाभरात निसटला. बँडेजची क्वालिटी.

ज्योत्स्नानं दवाखान्यातनं संभाजीला फोन केला. तो म्हणाला, आता उपाय नाही, बाकीच्यांना लांब ठेवा. सरकारी माणूस प्रयत्नाआधीच हात वर करतो.

आई दिवसभर चमच्यानं पाणी पाजत होती. जेवायलाही उठली नाही. मी दोनदा सांगितलं की कोंबडी आहे, माणूस नव्हे. दुसऱ्यांदा तिनं माझ्याकडंही तसंच बघितलं, कुशाबाईंकडं बघितलं होतं तसं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. दुपारी २

सकाळी ६.४० ला छकुली गेली. अंड्यांवरच.

आईनं तिला आपल्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं. खड्डा मी शेवग्याखाली घ्यायला घेतला. तीन फूट हवा, वर चुना हवा, हे सगळं मीच सांगितलं. फूटभर झाल्यावर पाठीत उसण भरली. पुढचं ज्योत्स्नानं ड्युटीला जायच्या आधी खणलं. तिनं घमेलं धुतलं, खुराड्यात चुना मारला आणि अंडीही पुरायला सांगितली. अंडी नको, म्हणालो. दोन दिवसांत पिल्लं आहेत, त्यांची सोय मी करतो.

मला विशेष काही वाटलं नाही. दुपारी जेवलो नाही, ते पित्तामुळं.

दुपारी ३

हॅचरी तयार. थर्माकोलचा खोका, साठचा बल्ब, बाजूला वाटीभर पाणी. खर्च नाही म्हणावा इतका. कोंबडी जे एकोणीस दिवस अंग मोडून करते, ते एका बल्बनं होतं. लोकांना हे कळत नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

नीट विचार केला. चार कोंबड्यांना लस दिली, तीन धडधाकट आहेत. खालच्या आळीत खुराडीच्या खुराडी रिकामी झाली आणि इथं तीन कोंबड्या अंगणात उकिरडा उकरतायत. निकाल पंचाहत्तर टक्के. दहावीला मला इतके नव्हते. छकुली मुळातच अशक्त असणार.

सोपानकडं जाऊन कागदावरचं "एकही" खोडून "पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त" असं करायला सांगितलं. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. लोकं वाचायला येत्यात, येताना साखर-चहापत्ती नेत्यात." त्याच्या दुकानातनं आता काही घेणार नाही. फक्त काडेपेटी घेतली.

शनिवार, १ मार्च

पिल्लांचा दिवस. सकाळी नऊ ते दीड लाइट नव्हती. आली तेव्हा दाब इतका जास्त की बल्ब पिवळ्याचा पांढरा झाला. खोक्याला एका बाजूनं भोक पडलं, थर्माकोल वितळून दोन अंड्यांवर चिकटला. पाचपर्यंत वाट पाहिली. आई एकदाच येऊन खोक्याला कान लावून गेली.

वीज मंडळाला पत्र लिहिणार.

रविवार, २ मार्च. दुपारी १२

ज्योत्स्नाची आज सुट्टी. सकाळी तिनं अकराही अंडी शेवग्याखाली पुरली आणि हॉल झाडायला घेतला. शोकेस पुसताना ट्रॉफीमागं बाटली सापडली. उरलेली लस मी परत तिथंच ठेवली होती, पुढच्या वर्षासाठी. तिनं चष्मा लावून लेबल वाचलं आणि इथं किती दिवस होती म्हणून विचारलं. तीन तारखेपासून, म्हणालो. तिनं लेबल माझ्यापुढं धरलं. दोन ते आठ अंश. स्टोअरमध्ये असताना माल आत घेताना मी पहिल्यांदा हीच ओळ वाचायचो. ही बाटली आणली तेव्हा वाचली नव्हती. ज्योत्स्ना म्हणाली, अहो, नऊ दिवस या हॉलमध्ये राहिल्यावर हे नुसतं पाणी. तुम्ही तिच्या डोळ्यात पाणी घातलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, पाणी असेल तर तीन कशा जगल्या? पंचाहत्तर टक्के निकाल पाण्यानं लागतो का? ती आईकडं बघायला लागली.

आई तांदूळ निवडत होती. सुपावरनं मान वर न करता तिनं सांगितलं: "रवी, त्या तिघी मी धा तारखंला कुशाबाईच्या पाटीतनं नेल्या व्हत्या, संभाजीकडं. तू निजला व्हतास. छकुली अंड्यावरनं उठंना, वढली तर ह्ये बघ, हाताला वरबाडलं. मग म्हणलं, एवढा शिकून आलाय, तेवढी एक तुझ्या हातची ऱ्हाऊ दे."

मग परत तांदूळ निवडायला लागली. चांगले निवडलेले होते, तरी निवडत होती.

दुपारी ४

रजिस्टर दुरुस्त केलं. डोस १. यशस्वी ०.

कुशाबाईंची कोंबडी खुडूक बसलीय. त्या आईला म्हणाल्या की तिच्याखाली बारा अंडी ठेवते, सहा पिल्लं तुझी. पिल्लं सात दिवसांची झाली की संभाजीकडं न्यायची. बर्फाचा थर्मास ज्योत्स्ना देणार, पिल्लं आई धरणार. मी काय करू, म्हणून विचारलं. आई म्हणाली, "तू पाटी धर." बरं, म्हणालो.

वाईट वाटतंय. पित्त नाही.

बारा तारखेची नोंद आत्ता परत वाचली. डोक्याला धरलं तरी ती हलली नाही, चोच मारली नाही, ते मी विश्वास म्हणून लिहून ठेवलंय. उठली असती तर अंडी गार पडली असती. एवढंच होतं ते.