एका मिनिटाची पोथी

नाना, तुम्ही गेलात तेव्हा साखऱ्यात आपल्या घरी फोन नव्हता, म्हणून आधी हेच सांगावं लागेल की मी आता रोज सकाळी फोनवर पोथी सांगते. पोथी म्हणजे एक ओवी आणि तिच्याखाली दोन ओळींचा अर्थ. कळमनुरीतलं शिवणाचं दुकान उघडायच्या आधी, चहा गाळून झाला की ओट्याला टेकून लिहिते. कधी लिहायचा कंटाळा आला तर तोंडानं म्हणून पाठवते. ते सगळं एका मिनिटाच्या आत बसवायचं असतं. "त्याच्या पुढं कोणी ऐकत न्हाई, आई," असं तुमची नात म्हणते. तुम्हाला तेवढा वेळ तर चष्मा पुसायलाच लागायचा.

सुरुवात काही ठरवून झाली नाही. नणंदेनं घरच्या ग्रुपवर सूर्यफुलाच्या चित्रावर एक ओवी टाकली होती आणि तिच्यात शब्द चुकलेले होते. मला राहवलं नाही. बरोबर ओवी लिहून पाठवली, अर्थही जोडला. दुसऱ्या दिवशी डोंगरकडा गावातल्या मामेबहिणीनं विचारलं, "आजची कुठं हाय?" तेव्हापासून चालू आहे. आता ओळखपाळख नसलेली माणसंही वाचतात. कोणी हात जोडल्याचं चित्र पाठवतं, कोणी न वाचताच दहा जणांना पुढं ढकलतं.

तुम्हाला हे आवडलं असतं का, ते मला कळत नाही. मारुतीच्या देवळात तुम्ही एकेका ओवीचा अर्थ सांगण्यात अख्खी संध्याकाळ घालवायचात. ओवीतून निघून शेळ्यांच्या कळपात शिरायचात, तिथून कुणाच्या तरी बांधावरच्या भांडणात, आणि लोकांना वाटायचं की आता नाना काही परत येत नाहीत, तेव्हा बरोबर ओवीवर येऊन थांबायचात. पोथी वाचणारे म्हातारबाबा मोतीबिंदूनं थकले, तेव्हा तुम्ही मला त्यांच्या जागी बसवलंत. मी तेव्हा शाळेत होते. ते अजून तसंच दिसतं. मी परकराचा घोळ सावरून पाटाशी बसते आहे आणि मागून कुणीतरी म्हणतं, "पोरीच्या तोंडून पोथी? असं कवा झालं न्हाई." तुम्ही मागं वळूनही बघत नाही. "मंग आजपासून होईल," म्हणता. "तिचे उच्चार साफ हायेत. मला तेवढं पाहिजे." मी घाबरून भराभरा वाचत सुटते, तर माझ्यावरही खेकसता, "काहून पळून राहिलीस? एसटी चुकून राहिली का तुजी?" सगळं देऊळ हसतं. मग मी सावकाश वाचते.

आई गेली त्या वर्षीही तुम्ही पोथी बंद ठेवली नाही. शहाणा माणूस गेलेल्यासाठी शोक करत नाही, अशा अर्थाची ओवी माझ्या वाचनात आली आणि मी वाचायची थांबले. तुम्ही चष्मा काढून मांडीवर ठेवलात. मग बोलत राहिलात, अगदी खालच्या आवाजात, फार वेळ. बाया पदरानं डोळे पुसत होत्या, पण मन हलकं झाल्यासारख्या. मेंढरं राखणारी एक म्हातारी उठून पुढं आली आणि तुमच्या पाठीवरून हात फिरवून गेली. एवढं सगळं लक्षात आहे, नाना. तुम्ही काय बोललात ते मात्र आठवत नाही. एक शब्दही नाही. माझं सगळं लक्ष तेव्हा आईकडे लागलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी तीच ओवी टाकली. खाली लिहिलं, खरा ज्ञानी रडत नाही. दुपारी दुकानात एका बाईचा फोन आला. सेनगावकडची होती, माझा नंबर कुणाकडून तरी मिळवलेला.

"ताई, दिवाळीत माझं पोरगं गेलं," ती म्हणाली. "माझी सासू तुमी लिवलेलं रोज वाचून दाखवून राहिली मला. आज म्हणती, बघ, शहाणं माणूस रडत न्हाई. मी रडते ते देवाला चालत न्हाई का?"

मशीनवरचे माझे पाय थांबले. मिनिटात बसावं म्हणून मी जे कापून टाकलं होतं, ते सगळं त्या बाईला हवं होतं, आणि ते तुमच्याकडे होतं. मी तुम्हाला फार शोधलं, नाना, त्या दोन क्षणांत. मग सुचलं ते बोलले. "बाई, ती ओवी पोचलेल्या माणसाची हाय. आपुन अजून वाटंत हाओत. वाटंत रडू येतंच. माझे वडील असं सांगायचे."

"व्हय?" एवढंच म्हणून ती रडायला लागली. मी फोन कानाला धरून बसले. रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "तुमचे वडील हायेत का? सासूला त्यांच्याशी बोलायला लावते."

"न्हाईत."

"मंग तुमीच बोला."

सासू फोनवर आली. "बोला," म्हणाली, कोरडं. मी तेच पुन्हा सांगितलं. मग ती म्हणाली, "माझा नातू व्हता तो." आणि तिलाही रडू फुटलं. पलीकडे सून तिला म्हणत होती, "रडा, आत्या, रडा."

त्या संध्याकाळी मी ती ओवी पुन्हा टाकली आणि अर्थ लांबलचक लिहिला. लेक म्हणाली, एवढं कोण वाचतंय. फारसं कोणी वाचलंही नाही. पण त्या घरातून फोन आला की दोघींनी मिळून वाचलं.

तेव्हापासून रोजच्या अर्थाखाली मी लिहिते, असं माझे वडील सांगायचे. लोक म्हणतात, वडिलांचं केवढं पाठ आहे तुम्हाला. पाठ काहीच नाही. तुमचा आवाज अजून कानात येतो, शब्द येत नाहीत. अर्थ मीच जुळवते आणि तुमच्या नावावर घालते. हे तुम्हालाच सांगते आहे, कुठं टाकणार नाही. तेवढ्या निमित्तानं रोज एकदा 'माझे वडील' असं लिहायला मिळतं, नाना. दुसऱ्या कुठल्याच कागदावर ते आता लिहावं लागत नाही.