उंबऱ्याला चिकटून ओतलेली पायवाट

मी, खाली सही करणार, वय वर्षे बहात्तर, धंदा जुन्या घरांपुढच्या काँक्रीटच्या पायवाटा फोडून नव्या घालण्याचा, आज पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचे काम आजवर मीच करत आलो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत टाचला आहे. छाती किती दिवस साथ देईल याचा दाखला मात्र त्यांनी दिला नाही. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात सगळे मुलीच्या नावे होते. ते रद्द समजावे. वकिलांनी माझ्या मसुद्यातल्या अर्ध्या ओळी 'अनावश्यक' म्हणून खोडल्या होत्या. त्या मी पुन्हा लिहिल्या आहेत.

कलम पहिले. बँकेतली ठेव आणि बायकोचे शिवणयंत्र माझ्या एकुलत्या मुलीला मिळावे. यंत्राचा पायाने दाबायचा पायटा मी एकदा रागाच्या भरात लाथ घालून वाकवला होता. नंतर ठोकून सरळ केला, पण अजून करकरतो, तेव्हा तेल देत जावे. घर तिला मिळणार नाही. बाळ, हे वाचून तुझे डोके फिरेल, ते माझ्यावरच गेले आहे. पण चौथे कलम वाचेपर्यंत दम धर. तू नऊ वर्षांची असताना जेवायला बसल्यावर विचारले होतेस, "बाबा, काकानं बाईंना मारलं ना?" तुझी आई वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घालून जेवत राहिलो आणि तिच्याकडे पाणी मागितले.

कलम दुसरे. फोडायचे यंत्र, दोन घण, पहारी, धुमस, थाप्या, पाणसळ आणि हातगाडी ही सारी हत्यारे सोळा वर्षे माझ्या हाताखाली राबलेल्या मुकादमाला द्यावीत. अट एकच. आमच्या भागातली जमीन चिकणमातीची आहे. उन्हाळ्यात ती आकसते, मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात. पाऊस लागला की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि अंगावर असेल ते वर उचलते. म्हणून जुनी पायवाट मुळापासून फोडायची, फूटभर माती काढून टाकायची, खालच्या मातीला चार दिवस पाणी पाजायचे, मुरूम भरून धुमसाने ठोकायचा, आणि मगच काँक्रीट ओतायचे. घराच्या भिंतीपासून बोटभर फट सोडायची, तिच्यात डांबर भरायचे. दार बाहेर उघडणारे असेल तर पायवाट उंबऱ्याच्या चांगली चार बोटे खाली ठेवायची. यातली एकही पायरी गाळून मुकादमाने काम केले तर हत्यारे काढून घ्यावीत.

मुकादमाने एकदा पाणी पाजायचे दोन दिवस खाल्ले होते. मी फावड्याच्या दांड्याने त्याचा ओठ फोडला. त्यानेही मला कानशिलात अशी ठेवून दिली की दिवसभर एका कानाने ऐकू येत नव्हते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून ती पायवाट उखडली. मला वाटते, सोळा वर्षे तो टिकला तो त्या कानशिलातल्या फटक्यामुळे.

कलम तिसरे. 'झटपट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, माझ्याच धंद्यातल्या गृहस्थाला माझ्या अंगणातला फुटक्या काँक्रीटचा सर्वांत जड तुकडा द्यावा आणि तो त्याच्या दारात नेऊन टाकावा. हा माणूस भेगाळलेल्या पायवाटेवर वरून दोन इंचांचा थर देतो आणि पसार होतो. सिमेंटच्या दुकानात मी डोक्याची धडक मारून त्याचे नाक मोडले होते, आणि तो माझ्या कानाला चावला होता. लोकांना वाटायचे, दादा धंद्याच्या इभ्रतीसाठी भांडतो. खरे कारण वेगळे होते. तो जे पन्नास वेळा करतो ते मी एकदा केले आहे, आणि त्याचे तोंड दिसले की मला ते आठवायचे.

कलम चौथे. माझे राहते घर, म्हणजे या जोडघराचा डावा भाग, वरच्या खोलीसह, माझ्या धाकट्या भावाला मिळावे. उजवा भाग त्याचाच आहे. मधल्या भिंतीला पूर्वी दार होते. ते मी विटांनी बुजवले, एकवीस वर्षांपूर्वी. ज्या कारणाने बुजवले ते आता लिहितो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. सगळे त्यांना बाई म्हणत. मजुरांना त्या चहा चांगल्या कपांतून द्यायच्या, कानतुटके कप स्वतःसाठी ठेवायच्या. त्यांची पायवाट झिजून खडी वर आली होती, पाय मुरगळायचा. काम आम्हा दोघा भावांनी घेतले. ऐन उन्हाळा होता. तेवढ्यात धाकट्याचे सासरे वारले आणि तो चार दिवसांसाठी गेला. जाताना सांगून गेला, "दादा, जुनं फोड आणि मी येईपर्यंत नुसतं पाणी मारत राहा. ओतायची घाई करू नकोस."

मला सोमवारी दुसरे काम धरायचे होते. मी पाणी मारले नाही. जुनी पायवाट फोडलीसुद्धा नाही. तिच्यावरच तीन इंच काँक्रीट ओतले, उंबऱ्याला चिकटवून, फट न ठेवता, एका रविवारी एकट्याने. बाहेर उघडणारा लोखंडी जाळीचा दरवाजा त्यावरून जेमतेम फिरत होता. बाईंनी हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "किती गुळगुळीत झालंय हो!"

धाकटा परत आला, उंबऱ्याशी उकिडवा बसला आणि बोटाने फट शोधू लागला. "दादा, हे फोडू या. पावसाच्या आत फोडू या, नाहीतर दार अडकेल." मी म्हणालो, "तू मला शिकवणार?" त्याने घण उचलला. मी हातातली थापी त्याच्या तोंडावर फेकून मारली. भुवईला चार टाके पडले. विचारणाऱ्यांना त्याने पायरीवरून पडलो असे सांगितले. पायवाट तशीच राहिली.

पावसाळा लागून महिना झाला तेव्हा बाईंनी निरोप धाडला की दार खाली घासते आहे. मी म्हणालो, येतो. दुसरा निरोप आला, मी म्हणालो, उद्या येतो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात शेगडी भडकली. मागचे दार आगीतच होते. पुढचा जाळीचा दरवाजा चार बोटे उघडला आणि फुगलेल्या पायवाटेवर रुतून बसला. बाई आतून ढकलत होत्या, त्यांचा भाचा बाहेरून ओढत होता. या भाच्याला गल्लीत पैलवान म्हणतात. त्याला बाईंनीच वाढवले. त्याच्या हातांची नखे उखडली, पण दार हलले नाही. मी पहार घेऊन धावत पोचलो तेव्हा त्यांची बोटे जाळीत होती, आणि ढकलायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवान सात-आठ जणांना घेऊन आमच्या अंगणात आला. हाताला फडकी गुंडाळलेली. "बाईंच्या दारातलं काम कोणी केलं?" धाकटा पुढे झाला आणि म्हणाला, "मी नव्हतो इथं. दादाला विचारा." त्याला वाटले, दादा खरे सांगेल. मग चूक दोघांची म्हणून दोघे मिळून मार खाऊ, असाच त्याचा हिशेब असणार. पैलवानाने माझ्याकडे बघितले. मी उजव्या हाताचे बोट उचलले आणि धाकट्याकडे केले. 

त्यांनी त्याला माझ्यासमोर मारले. टिकावाचा दांडा आमचाच होता. डाव्या गुडघ्यावर मी सात घाव मोजले, पुढे मोजता आले नाहीत. धाकटा ओरडत होता ते 'दादा' एवढेच. पोलीस आले तेव्हा त्याने जबाब दिला की खड्ड्यात पडलो. पुढे त्याच्या बायकोने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला होता, "त्याचीही मावशी गेलीय." हे मी भिंतीपलीकडून ऐकले, आणि त्याच आठवड्यात दार बुजवले.

माझ्या बायकोला सगळे ठाऊक होते. त्या रविवारचे सिमेंटने माखलेले कपडे तिनेच धुतले होते. तिने विचारले, "तुम्ही सांगताय का मी जाऊन सांगू?" मी तिच्यावर हात उचलला. तो पहिल्यांदा नव्हता, पण त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतेच बोलली, मरेपर्यंत, पंधरा वर्षे. मला तिची फार आठवण येते. हे लिहायचा मला अधिकार नाही, तरी लिहितो.

धाकटा तेव्हापासून बसून कात्र्या-सुऱ्यांना धार लावतो. तोही काही गरीब गाय नाही. माझी बायको त्याच्याकडे चोरून डबा पाठवायची, तो डबा त्याने माझ्या खिडकीवर फेकून काच फोडली. एकदा मी कालवलेल्या मालात माझ्यादेखत थुंकला. तेवढ्याने माझे काय फिटते? त्याच्या कुबडीचा आवाज मी रोज पहाटे भिंतीतून ऐकतो. नळावरच्या बायका अजूनही तो आला की गप्प होतात, आणि पैलवान मात्र मला वाकून नमस्कार करतो. घर देऊन मी त्याचा गुडघा परत देतो आहे असे कोणी समजू नये. मला हवे आहे ते एवढेच, की त्याच्या नावावरचे माझे काम माझ्या नावावर यावे, आणि ते तो जिवंत असताना यावे.

कलम पाचवे. आमच्या जोडघरापुढे बावीस फुटांची एकच पायवाट आहे. गावभर पायवाटा दुरुस्त केल्या, ही कधी केली नाही. मधोमध ती एवढी उचलली आहे की धाकट्याची कुबडी रोज तिथे अडते. माझ्यामागे ती मुकादमाने मुळापासून फोडावी. पहिला घाव धाकट्याने घालावा, हवे तर शिव्या देत घालावा. नवी पायवाट दुसऱ्या कलमाप्रमाणे व्हावी. मधल्या भिंतीतल्या विटा काढून तिथे पुन्हा दार बसवावे. ते कोणत्या बाजूला उघडायचे हे धाकट्याने ठरवावे.

कलम सहावे, साक्षीदारांविषयी. वकील म्हणतात, साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, सही पुरते. मला गरज आहे. पहिली साक्ष डॉक्टरांची. दुसरी पैलवानाची. त्याला मी निरोप पाठवला आहे की दादाच्या मृत्युपत्रावर सही करायला ये. तो खूश होऊन येईल, बहुधा हातात फळांची पिशवी असेल. त्याने हे मोठ्याने, पहिल्या ओळीपासून वाचावे आणि मगच सही करावी. वाचून झाल्यावर तो जे काही करील त्याबद्दल माझ्या मुलीने, मुकादमाने किंवा इतर कोणीही तक्रार करू नये. एकवीस वर्षांत हे सांगायला मी त्याच्या दारापर्यंत नऊ वेळा गेलो. प्रत्येक वेळी त्याने मला चहा पाजून परत पाठवले.

मृत्युपत्रकर्ता:
(डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार क्रमांक एक, कुटुंबाचे डॉक्टर (सही)
मजकुरात सही असा उल्लेख असून वर अंगठा का, याचा खुलासा करणे मला भाग आहे. साक्षीदार क्रमांक दोन यांनी हा कागद माझ्यासमोर मोठ्याने वाचला. चौथ्या कलमाच्या अखेरीस ते दोनदा थांबले. मजकूर मी आधी वाचला होता, म्हणून कोपऱ्यातला घण उचलून आतल्या खोलीत ठेवला होता. वाचून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "कुठलं बोट?" मृत्युपत्रकर्त्याने उजवा हात टेबलावर ठेवला आणि पहिले बोट पुढे केले. मला उठून मध्ये पडायलाही वेळ मिळाला नाही. बोट दोन ठिकाणी मोडले आहे. मी पट्टी बांधली आहे. ते ओरडले नाहीत. अंगठा उठवतेवेळी ते पूर्ण शुद्धीवर होते आणि त्यांनी मला शाई पसरल्याबद्दल शिवी दिली.

साक्षीदार क्रमांक दोन, बाईंचा भाचा (सही)
वाचले. समजले. सही माझी आहे.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली.
दिनांक: अकरा, मंगळवार, सकाळचे पावणेबारा.

ता. क. (डॉक्टरांच्या हातचे): साक्षीदार क्रमांक दोन सही करून बाहेर गेले. फळांची पिशवी आणि चपला इथेच राहिल्या आहेत. शेजारच्या दारावरची थाप इथपर्यंत ऐकू आली. दार उघडले गेले आहे, आणि मृत्युपत्रकर्ते भिंतीला कान लावून बसले आहेत.